हात काळे झाले तर काय बिघडलं?

"एवढा शिकलास, इंजिनियर झालास, आणि भर उन्हात गवत कापतोयस? तिथं गडी मिळत नाहीत का रे?"

आईचा हा प्रश्न गेली चार वर्षं दर उन्हाळ्यात ठरलेला. शनिवारी सकाळी मी अंगणात मोव्हर ढकलत असतो, तिकडं तासगावजवळच्या आमच्या गावी संध्याकाळ झालेली असते. बायको फोन घेऊन बाहेर येते आणि आईला दिसतो तो घामानं निथळणारा, पँटला हिरवं गवत चिकटलेला मुलगा. मी हसून सांगतो, "आई, इथं सगळेच आपापलं गवत कापतात. शेजारचे निवृत्त डॉक्टरसुद्धा कापतात." तिला ते पटत नाही. अण्णा मात्र मागं खुर्चीवर बसून काही बोलत नाहीत. ते माझ्याकडं बघतच नसतात. ते मोव्हरकडं बघत असतात.

हे मला कळायला चार वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट. त्या निमित्तानं एक मतही मांडायचं आहे. ते इथल्या मंडळींना थोडं टोचेल, आणि तिकडं आपली वाट बघत बसलेल्या आईवडिलांनाही.

आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळच्या एका उपनगरात राहतो. इथं एप्रिल ते ऑक्टोबर गवताचा हंगाम. मे महिन्यात तर आठवड्याला एकदा कापलं नाही की वसाहतीच्या संघटनेचं सभ्य शब्दांतलं पत्र दारात हजर. माझं यंत्र साधंच आहे. चालत ढकलायचं, २१ इंचांच्या पात्याचं, पेट्रोलवर चालणारं. यंदा हिवाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी यंत्र सुरू झालं खरं, पण हुकायला लागलं. चाललं, थांबलं, परत चाललं.

मी व्हिडिओ बघून कार्ब्युरेटर खोलला, साफ केला, परत बसवला. खोलताना फोटो काढायचा कंटाळा केला. बसवताना हातात एक स्प्रिंग होती आणि समोरच्या पट्टीला एका रांगेत चार-पाच भोकं. जिथं ती 'बरी' दिसली तिथं अडकवली. वाटेत येणारा एक बोल्टही मघाशी ढिला केला होता, तो अंदाजानं आवळला. दोरी ओढली आणि इंजिन अक्षरशः किंचाळलं.

आपल्याकडं मेकॅनिक म्हणतात तसं इंजिन 'रेस' घेत होतं, आणि ती रेस काही केल्या उतरेना. माझ्या सहा वर्षांच्या मुलानं कानांवर हात ठेवले. शेजारचे डॉक्टर कुंपणापाशी आले. मी दांड्यावरचा आडवा दांडा सोडून दिला, तेव्हा ते थांबलं. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, की हा दांडा सोडल्यावर पातं तीन सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. तो नियम ज्यांनी केला त्यांचे त्या दिवशी मनोमन आभार मानले.

आता माझ्यासमोर तीन वाटा होत्या. एक, यंत्र कचऱ्यात टाकून नवं आणायचं. आमच्या मित्रमंडळीत बहुतेक जण हेच करतात. दुसरी, दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं. तिथं नुसतं तपासण्याचेच पैसे यंत्राच्या निम्म्या किमतीपर्यंत जातात आणि हंगामात दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. तिसरी, स्वतः काहीतरी करायचं.

मी स्वतः काहीतरी केलं, आणि काय केलं ते सांगायला लाज वाटते. कार्ब्युरेटरवरचा एक स्क्रू फिरवून बघितला, काही फरक पडला नाही. मग थ्रॉटलची छोटी दांडी अर्धी मिटलेल्या जागी धरून तारेनं बांधून टाकली. आवाज लगेच उतरला! मी खूश. ऑफिसात रात्री दोन वाजता सिस्टिम कोसळली की आम्ही असंच काहीतरी चिकटवतो आणि 'सध्यापुरतं' म्हणतो. ते 'सध्यापुरतं' मग पाच वर्षं चालतं. पण इथं ते पाच मिनिटंही चाललं नाही. कुंपणाकडच्या दाट गवतात शिरल्याबरोबर इंजिन गुदमरून बंद पडलं.

मग मी अण्णांना फोन लावला.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं तालुक्याच्या रस्त्यावर पत्र्याचं छोटं गॅरेज होतं. मोटारींचं नव्हे, इंजिनांचं. विहिरीवरची डिझेल इंजिनं, नंतर द्राक्षबागांतले औषध फवारणीचे पंप आणि ब्लोअर. आमच्यापासून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. १९१० साली माळावर उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यामुळं आमच्या भागात लोखंडाशी खेळणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तयार होत गेली. अण्णा त्याच परंपरेतले, पण कुठल्याही कारखान्याचा शिक्का नसलेले. शाळा सातवीपर्यंत. लोक त्यांना 'मिस्त्री' म्हणायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका मळ्यातलं इंजिन 'सुटलं' होतं. म्हणजे रेस वाढत वाढत इतकी गेली, की इंजिन पायातून उखडेल असं वाटायला लागलं. माणसं लांब पळाली. अण्णांनी पोतं विहिरीच्या थारोळ्यात बुचकळलं आणि इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरलं. डिझेलचं इंजिन नुसत्या बटणानं बंद होत नाही. हवा तोडली की मरतं. धाप लागल्यासारखं दोन-चार गचके देऊन ते थांबलं. मी बांधावरून सगळं बघत होतो. जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, काय झालं होतं?" ते म्हणाले, "गव्हर्नर काम करंना झालाय." आणि लगेच, "तू जा, अभ्यास कर. हे तुझं काम न्हाई. हात काळं करून घेऊ नगंस."

हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल! त्यांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. त्यांना माझे हात स्वच्छ हवे होते. आणि मीही ते वाक्य इतकं मनावर घेतलं, की पुढं इंजिनियरिंगच्या प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'मेकॅनिक' न लिहिता 'बिझनेस' लिहिलं. पहिल्या वर्षाला वर्कशॉपचा विषय होता. लोखंडाची पट्टी कानशीनं घासून काटकोनात आणायची. वर्गातल्या अनेकांप्रमाणं मीही तो जॉब वर्कशॉपमधल्या एका माणसाला पन्नास रुपये देऊन करून घेतला. ज्याच्या घरी डझनभर कानशी होत्या, त्या पोरानं! अण्णांना हे मी अजून सांगितलेलं नाही. इथं वाचलं तर कळेल.

तर फोन. मी यंत्र सुरू करून फोन जवळ धरला. अण्णा म्हणाले, "आवाजच येत न्हाई."

आधी मला वाटलं, त्यांच्या कानांचा दोष. चाळीस वर्षं इंजिनांच्या शेजारी उभं राहून त्यांना आता कमी ऐकू येतं. त्या काळात कानात बोळे घालायचे असतात हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. पण आई म्हणाली, मलाही येत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. कॉलमध्ये माणसाचा आवाज स्पष्ट यावा म्हणून बाकीचा गोंगाट गाळून टाकणारा प्रोग्रॅम असतो. आमच्यासारख्याच लोकांनी लिहिलेला. त्यानं इंजिनाचा आवाज फालतू ठरवून पुसून टाकला होता, आणि अण्णांना हवा होता नेमका तोच. मी वेगळं रेकॉर्डिंग करून पाठवलं. अण्णांनी ते फोन कानाला चिकटवून तीनदा ऐकलं.

"लई पळतंय. आधी बंद कर. प्लगची वायर काढ. मग बोलू."

पुढचा तास त्यांनी मला जे शिकवलं ते इथं सविस्तर देतो, कारण अनेकांच्या गॅरेजमध्ये हेच यंत्र आहे.

पहिली गोष्ट, गव्हर्नर म्हणजे काय. मोव्हरच्या इंजिनाला मोटारसायकलसारखा मूठ पिळणारा माणूस नसतो. गवत दाट लागलं की वेग पडतो, विरळ लागलं की वाढतो. तो सांभाळायचं काम गव्हर्नर करतो. एका बाजूनं स्प्रिंग थ्रॉटल उघडायला ओढत असते. दुसऱ्या बाजूनं इंजिनाच्या पोटात फिरणारी छोटी वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि एका दांडीमार्फत थ्रॉटल मिटवायला बघतात. काही छोट्या इंजिनांत वजनांऐवजी फ्लायव्हीलच्या वाऱ्यानं हलणारी पट्टी असते, काम तेच. या दोघांच्या ओढाताणीत जिथं तोल साधतो, तो इंजिनाचा वेग. मी तारेनं थ्रॉटल बांधलं तेव्हा ही ओढाताणच संपवली होती. म्हणून मोकळ्यात आवाज बरा वाटला आणि ओझं आल्यावर जीव गेला.

"आवाज कमी झाला म्हंजे रोग गेला व्हय?" अण्णांनी विचारलं. मी तार सोडली.

दुसरी गोष्ट, बंद इंजिनात थ्रॉटल कुठं असतं ते बघायचं. मला वाटायचं, बंद म्हणजे मिटलेलं असणार. उलट आहे. या प्रकारच्या बहुतेक इंजिनांत, वेगाचा खटका चालू ठेवून बघितलं तर स्प्रिंगनं थ्रॉटल पूर्ण उघडं धरलेलं असतं. इंजिन सुरू झालं की गव्हर्नर ते मिटवत आणतो. बोटानं दांडी हलवून बघायची. ती सहज जाऊन सहज परत आली पाहिजे. गवताचा भुसा, वाळलेलं तेल, वाकलेली तार यांपैकी काहीही अडकलं तर गव्हर्नर बिचारा ओढतच राहतो आणि थ्रॉटल मिटत नाही.

तिसरी गोष्ट, इंजिन क्षणभर चालू करून, पात्यापासून हातपाय लांब ठेवून, वरची दांडी बोटानं मिटवायच्या दिशेला दाबायची. वेग उतरला तर दोष गव्हर्नरच्या जोडणीत. हातानं मिटवूनही उतरला नाही, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत शिरत असणार, किंवा थ्रॉटलची चकतीच नीट बसत नसणार. माझा वेग उतरला.

चौथी, स्प्रिंग. "कुठल्या भोकात हाय ते दाखव." मी फोन जवळ नेला. भोक बदललं की स्प्रिंगची ओढ बदलते, आणि ओढ वाढली की वेग वाढतो. भोकाच्या कडेला जिथं रंग घासून चकाकत होतं, तिथं ती इतकी वर्षं बसलेली होती. मी शेजारच्या भोकात घातली होती. अण्णांना ते चकाकणं फोनच्या पडद्यावर आठ हजार मैलांवरून दिसलं. मला हातभर अंतरावरून दिसलं नव्हतं.

प्लगच्या वायरीला गुंडाळून वेग मोजायचं एक छोटं मीटर मी २० डॉलरला मागवलं. पुढच्या शनिवारी ते लावलं. जुन्या भोकात स्प्रिंग असताना मिनिटाला ४१०० फेरे भरत होते, योग्य भोकात ३६००. पुस्तिकेत ३००० लिहिलेले. मी म्हटलं, "अण्णा, बरंच उतरलं की! चालेल का?"

"न्हाई. आजून काय तरी हाय. तू कुठला बोल्ट ढिला केला हुतास?"

मी गप्प. हा बोल्ट मी त्यांना सांगितलाच नव्हता. तो गव्हर्नरच्या दांडीला त्याच्या आतल्या कण्याशी आवळून धरणारा बोल्ट निघाला. तो सरकला की आतली वजनं कितीही फाकली तरी वरची दांडी पुरेशी हलत नाही. त्याची रीत अशी: बोल्ट ढिला करायचा, दांडी थ्रॉटल पूर्ण उघडेल अशी धरायची, कणा त्याच दिशेला जाईल तितका फिरवायचा, आणि दोन्ही तसंच धरून बोल्ट आवळायचा. दोन मिनिटांचं काम. मीटर ३०५० वर येऊन स्थिरावलं. दाट गवतात शिरल्यावर आवाज क्षणभर खाली गेला आणि आपोआप सावरला. त्या सावरण्यात जे समाधान मिळालं, ते मला गेल्या कित्येक वर्षांत ऑफिसात मिळालेलं नाही.

हजारभर फेऱ्यांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं. मग कागदावर हिशेब केला. २१ इंचांच्या पात्याचं टोक ३००० फेऱ्यांना ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगानं फिरतं. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे या मापाच्या पात्याला जवळपास ३४५० फेरे. मी ४१०० वर, सहा वर्षांचा मुलगा दहा पावलांवर उभा असताना, यंत्र चालवत होतो. आणि वेग सव्वापट झाला तरी फिरणाऱ्या भागांवरचा ताण दीडपटीच्या वर जातो. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो. अण्णांनी ओलं पोतं घेऊन धावायला मध्ये फक्त समुद्र होता.

आता मताकडं येतो.

आपण इथं आलेली बहुतेक मराठी माणसं 'हात काळे करू नकोस' या एका वाक्याच्या जोरावर आलो आहोत. कुणाचे वडील शेतकरी, कुणाचे गिरणीत, कुणाचे एसटीच्या डेपोत. त्यांनी आपल्याला कामापासून लांब ठेवलं, ते प्रेमानं. त्याचं ऋण मी नाकारत नाही. पण त्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेलं होतं आणि ते आपण नकळत गिळलं: हात काळे करणारा तो खालचा, आणि त्याला जे येतं ते 'ज्ञान' नव्हे. माझ्या मते हे दुसरं वाक्य खोटं आहे, आणि ते आपण आता थुंकून टाकायला हवं.

माझंच बघा. मी दिवसभर ज्या प्रणालीवर काम करतो तिचं नाव कुबरनेटीस. वापरणारे वाढले की संगणक वाढवायचे, कमी झाले की घटवायचे, हे ती आपोआप करते. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आणि 'गव्हर्नर' हा शब्द त्याच ग्रीक मुळापासून लॅटिनमार्गे आलेला. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, १८६८ मध्ये मॅक्सवेलसारख्या शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडणारा निबंध लिहिला. त्या निबंधाचं नाव मी कॉलेजात पाठ केलं होतं. म्हणजे मी ज्या कल्पनेवर पगार घेतो, तीच कल्पना अण्णा तासगावच्या रस्त्यावर पत्र्याखाली बसून दुरुस्त करत होते. फरक इतकाच, की त्यांचं चुकलं तर इंजिन अंगावर यायचं. माझं चुकलं तर मी माफीचा ईमेल लिहितो.

मित्र म्हणतात, "अरे, तुझ्या तासाचा दर काढ. दोन शनिवार घालवलेस, त्यात नवा मोव्हर आला असता." हिशेब बरोबर आहे. मी पैसे वाचवले असा माझा दावाच नाही. पण हाच हिशेब सगळीकडं लावला तर मुलाला सायकल शिकवणंही परवडत नाही. दुसरे म्हणतात, पेट्रोलची यंत्रं जातच आहेत. खरं आहे, कॅलिफोर्नियानं तर २०२४ पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या उत्पादनाला दारं जवळपास बंद केली आहेत. उद्या माझ्याकडंही बॅटरीचं यंत्र येईल. पण 'आवाज दाबला म्हणजे रोग गेला का' हा प्रश्न बॅटरीवरही तसाच लागू पडेल, आणि संसारातही. आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो: सगळंच घरी करावं असं मी म्हणत नाही. गव्हर्नरचा आतला भाग तुटला असता तर इंजिनाचं पोट फोडावं लागलं असतं, आणि मी मुकाट्यानं दुकानात गेलो असतो. आपली मर्यादा कळणं हाही त्या शिक्षणाचाच भाग. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणं तर कुणीही, कधीही करू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र खुद्द अण्णांचा. हे सगळं मी त्यांना उत्साहानं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात कसलं आलंय कवतिक? आमाला दुसरं काय येत नव्हतं म्हणून केलं. पोटासाठी केलं. कान गेलं. तू शिकलास हेच बरं झालं."

यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. शनिवारी हौसेनं पाना धरणं आणि आयुष्यभर पोटासाठी धरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी त्यांच्या कष्टाचं गाणं करायला लागलो तर ते खोटं होईल. त्यांना मुलगा मेकॅनिक व्हायला नको होता आणि मलाही माझा मुलगा तसा नाइलाजानं व्हायला नको आहे. पण अण्णा, तुम्ही जे केलं ते सोडून देणं वेगळं, आणि त्याची लाज वाटून ते लपवणं वेगळं. मी लपवलं. त्या रकान्यात 'बिझनेस' लिहिलं. चूक ती होती.

म्हणून माझं म्हणणं फार छोटं आहे. इथल्या मंडळींना: काही बिघडलं तर टाकण्याआधी एक शनिवार त्याला द्या. मुलांना टॉर्च धरायला जवळ उभं करा, आणि मुलींनाही. त्यांच्या खोलीत कोडिंगचा क्लास चालू आहे म्हणून त्यांना हाक मारायचं टाळू नका. आणि आपल्या घरात ज्यांना हे येतं त्या वडिलांना, काकांना, मामांना फोन करा. रविवारच्या कॉलमध्ये "जेवलात का, औषध घेतलं का" याच्यापुढं आपली गाडी जात नाही. माझी आणि अण्णांची वीस वर्षं जात नव्हती. त्या शनिवारी आम्ही दीड तास बोललो, आणि त्यांनी एकदाही "आता ठेवतो" म्हटलं नाही.

तिकडच्या आईवडिलांना: तुमचा इंजिनियर मुलगा अंगणात गुडघ्यावर बसून यंत्र खोलताना दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचं काही कमी पडलेलं नाही. उशिरा का होईना, तो तुमच्याकडून शिकतोय.

गेल्या शनिवारी मुलानं स्वतः हट्ट करून एअर फिल्टर काढला. कोपरापर्यंत काळा झाला आणि तेच हात फोनसमोर नाचवून आजोबांना दाखवले. मी अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. जुनं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं, आणि म्हणाले, "आधी प्लगची वायर काढली हुतीस का?"

तो म्हणाला, "हो आजोबा."

तुम्हीही आधी तेवढं करा. बाकीचं फोनवर विचारता येतं.